भोंग्यावरची माफी

माईक हातात आला की माझ्या अंगात येतं. ही फुशारकी नाही, अख्ख्या नेवासा तालुक्याला ठाऊक असलेली गोष्ट आहे. टेनिस बॉलच्या स्पर्धा घोडेगावच्या अलीकडं असोत की पलीकडं, पोस्टरवर तळाशी लाल अक्षरांत ‘समालोचक : गोरक्ष’ असं छापलेलं असतं. आडनाव नाही, गाव नाही, गरजच पडत नाही. एरवी मी सकाळ-संध्याकाळ दूध संकलन केंद्रावर बसून फॅट तपासतो आणि फॅट कमी लागली की लोकांची बोलणी खातो. पण दुपारी मैदानावर बॅट्समन एक पाऊल पुढं टाकतो, बॉल बाभळीच्या शेंड्यावरून जातो आणि मी ओरडतो, “गेऽऽला, गेला, वस्तीवरच्या पत्र्यावर गेला, कोंबड्या वाचवा!” तेव्हा दोन हजार माणसं माझ्या आवाजाबरोबर उठतात. काय सांगू तुम्हाला, त्या वेळी मला कुणी आमदारकी दिली तरी नको.

म्हणून फायनलच्या दिवशी सकाळी भाऊसाहेबांचा फोन आला तेव्हा माझ्या पायाखालची जमीन सरकली. भाऊसाहेब म्हणजे स्पर्धा भरवणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष.

“गोरक्ष, भीमनगरची टीम म्हनती, माईकवर तू असशील तर ते उतरनार न्हाईत.”

“उतरनार न्हाईत? फायनलला?”

“व्हय. अन् त्यांच्याबिगर फायनल हुत न्हाई. तुझ्याबिगर हुईल. पेनड्राइव्हवर गानी लावू.”

पेनड्राइव्ह! सोळा वर्षं घसा फोडून घेतला, आणि माझ्या जागी पेनड्राइव्ह! माझं डोकंच फिरलं. दुधाची बाटली आपटून मी विचारलं, “असं म्हनतंय कोन?”

“अमृत,” भाऊसाहेब म्हणाले. “बारा वाजेपर्यंत काय मिटवायचं ते मिटव.”

नाव ऐकलं आणि माझा आवाज बसला.

अमृत साळवे आणि मी सातवीपर्यंत एका वर्गात होतो. बोलताना त्याची जीभ लहानपणापासून अडकते. एखाद्या शब्दापाशी थांबतो, मानेच्या शिरा ताठ होतात, मग शब्द सुटतो आणि पुढचं वाक्य सुरळीत जातं. बॉलिंग मात्र अशी टाकतो की बघत राहावं. गेल्या वर्षी उत्कृष्ट गोलंदाजाचं बक्षीस त्यालाच मिळालं. आमच्याकडं पद्धत आहे, बक्षीस घेणाऱ्यानं माईकवर दोन शब्द बोलायचे. अमृत माईकसमोर उभा राहिला आणि अडकला. पाच सेकंद गेले, सहा गेले. भोंगे मुके झाले की मला सहनच होत नाही, ती जागा भरून काढणं हाच तर माझा धंदा. मी दुसरा माईक उचलला आणि म्हणालो, “अम्र्याची गाडी स्टार्ट घेईना मंडळी! ढकला रे, ढकला!”

मैदान हसून हसून लोळलं. चार पोरं धावत आली आणि त्याला मागून खरंच ढकलायला लागली. अमृतनं चषक टेबलावर ठेवला आणि निघून गेला. यूट्यूबवर त्या व्हिडिओला ऐंशी हजार व्ह्यूज मिळाले. मी तीन दिवस तोच स्टेटसला ठेवला होता. खरं सांगतो, तेव्हा मला फार अभिमान वाटला होता.

गाडीला किक मारून मी भीमनगर गाठलं. अमृतचं मोटार रिवायंडिंगचं दुकान घराच्या पुढच्या खोलीत आहे. तो एका पाणबुडी मोटारीत तांब्याची तार भरत बसला होता. त्यानं माझ्याकडं एकदा बघितलं आणि पुन्हा तारेत डोकं घातलं. काउंटरवर फोन वाजला. तो त्यानं उचलला नाही. आतून त्याची बहीण निकिता आली, तिनं उचलला, कुणाची तरी मोटार उद्या मिळेल म्हणून सांगितलं आणि ठेवला.

“दुकानाचा फोन तू उचलतेस?” मी विचारलं.

“एक वर्ष झालं. दादा ‘हॅलो’ म्हनायला लागला की तिकडून पोरं वरडत्यात, ढकला रे ढकला. मग त्यानं फोन घ्यायचंच सोडलं.”

मला हे ठाऊक नव्हतं. शपथ घेऊन सांगतो, ठाऊक नव्हतं. तेवढ्यात त्यांच्या आईनं, बनुबाईंनी, चहाचा कप माझ्यासमोर ठेवला. मी कप उचलला आणि तसाच खाली ठेवला.

“अमृत, चुकलं माझं,” मी म्हणालो. “गंमत करायला गेलो. मनात वंगाळ काय नव्हतं, जातीबितीचं तर अजिबात नव्हतं.”

अमृत तार ओढत राहिला. बोलली निकिताच. “गोरक्षदादा, गेल्या वर्षी पाटीलवस्तीच्या तुषारनं तीन कॅच सोडल्या. सरपंचाचा पुतन्या. तुमी काय बोल्ला माईकवर?”

मला आठवत होतं. ‘तुषारभाऊंच्या डोळ्यांवर ऊन आलं’ असं मी बोललो होतो. तीनही वेळा.

“तो तुषारभाऊ अन् माझा दादा अम्र्या. त्याच्या डोळ्यांवर ऊन, अन् माझ्या दादाला ढकला. मनात काय हुतं ते तुमचं तुमाला म्हाईत. भोंग्यावर काय आलं ते आमी आईकलं.”

सोळा वर्षांत पहिल्यांदाच कुणी माझी विकेट इतकी साफ काढली होती.

“आता घरात येऊन हळू आवाजात माफी मागताय,” ती म्हणाली. “ती टिंगल चार वस्त्यांवर आईकू गेल्ती. मग माफी बी तितकीच लांब जाऊ द्या की. माईकवर मागा, आमी खेळतो.”

मी अमृतकडं बघितलं. त्यानं मान हलवली. मी “मागतो” म्हणालो आणि बाहेर येऊन भाऊसाहेबांना फोन केला, “मिटलं!”

मिटलं कुठलं! दुपारी दोनला टॉसच्या वेळी मैदान गच्च भरलं. ट्रॉल्यांवर माणसं, पाण्याच्या टाकीवर माणसं, बाभळीवरसुद्धा. भोंगे चारी दिशांना तोंड करून बांधलेले, यूट्यूबवर बाराशे लोक लाइव्ह. एवढ्या लोकांसमोर ‘मी चुकलो’ म्हणायचं? मग मी काय केलं, तर सगळे पुढारी करतात तेच. माईक घेतला आणि एका दमात म्हणून टाकलं, “गेल्या वर्षी समालोचनाच्या ओघात कुणाचं मन दुखावलं असेल तर मंडळाच्या वतीनं दिलगिरी, आणि आता वळूया नाणेफेकीकडं!”

आमच्याकडं गुणलेखनाच्या टेबलावर दोन्ही टीमचा एकेक माणूस बसतो. भीमनगरकडून निकिता बसली होती, माझ्या उजव्या हाताला. तिनं पेनचं टोपण काढलं आणि खालच्या आवाजात म्हणाली, “कुनाचं? नाव न्हाई व्हय त्याला?”

मी ऐकू आलं नाही असं दाखवलं. अमृत मैदानाच्या मधोमध उभा होता. त्यानं भोंग्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि टॉससाठी पुढं चालायला लागला. ते खेळणार होते. शब्द मी मोडला होता, त्यांनी नाही.

भीमनगरनं आठ ओव्हरमध्ये एकाहत्तर रन केले. त्या सगळ्या वेळात माझी जी दशा झाली ती दुश्मनाची होऊ नये. निकिता शेजारी बसलेली. माझ्या तोंडात एकेक वाक्य यायचं आणि मी ते गिळायचो. अंपायरच्या पोटावर एक जमून आलेलं होतं, गिळलं. एका बुटक्या फील्डरच्या डोक्यावरून बॉल गेला, त्यावर तर दोन होती, दोन्ही गिळली. मग बोलायचं काय? बॉल बघण्याशिवाय गत्यंतर नव्हतं. म्हणून मी बॉल बघायला लागलो. त्याचा टप्पा कुठं पडला, बॅट्समनचा मागचा पाय कसा हलला, वारा ट्रॉलीकडून खेळपट्टीकडं कसा येतोय. आणि गंमत अशी की बोलता बोलता मला मजाच यायला लागली. सोळा वर्षं मी मैदानावर जायचो, पण मॅच अशी बघितलीच नव्हती!

समोरच्या पाटीलवस्तीला बहात्तर हवे होते. तुषार ओपनिंगला आला आणि सुटलाच. तिसऱ्या ओव्हरला दोन सिक्स, पाचवीला सलग तीन फोर. मी उभा राहून ओरडत होतो, खुर्ची कधी मागं पडली ते कळलं नाही. सात ओव्हर झाल्या तेव्हा एकसष्ट. आता सहा बॉल, अकरा रन, आणि बॉल अमृतच्या हातात.

पहिला बॉल अगदी पायापाशी, निर्धाव. “अमृतचा यॉर्कर! बॅट खाली यायच्या आधी बॉल मागं पोचलेला!” दुसऱ्याला तुषारच्या जोडीदारानं बॅट फिरवली आणि फोर. चार बॉल, सात रन. तिसऱ्याला तोच जोडीदार चोरटी धाव घेताना अमृतच्या टोकाला रनआउट झाला आणि भीमनगरच्या ट्रॉलीवर बायकांनी केलेला कल्ला माझ्या भोंग्यांपेक्षा मोठा झाला. माणसं अशी उभी राहिली की बसायची जागा कुणाला आठवेना. तोवर तुषार समोर येऊन पोचला होता. चौथ्या बॉलवर त्याचे दोन रन. दोन बॉल, पाच रन!

आणि तेव्हा टाकीवरून कुणीतरी आरोळी दिली.

“ढकला रे, ढकला!”

आधी एक आवाज, मग दहा, मग पाटीलवस्तीची सगळी बाजू. टाळ्यांच्या ठेक्यावर. अमृत धावत आला आणि त्याचा बॉल पार वाइड गेला. आता दोन बॉल, चार रन. तो परत गेला, वळला, चार पावलं धावला आणि थांबला. पुन्हा मागं गेला. पुन्हा थांबला. आरोळी वाढतच चालली. त्याच्या मानेच्या शिरा मला टेबलावरून दिसत होत्या. तोंडातून शब्द काढायचा नव्हता त्याला, फक्त बॉल टाकायचा होता, पण आम्ही त्याचा हातसुद्धा अडकवला होता.

आम्ही कसलं, मी. ते वाक्य माझं होतं. चाल माझी, शब्द माझे, त्यातला जोर माझा. दोन हजार माणसं माझ्याच तोंडानं ओरडत होती, आणि मी लाज वाटून खाली बघत होतो. निकितानं पेन खाली ठेवलं होतं. बोलली असती तर बरं झालं असतं.

मी टेबलावर चढलो. खरंच चढलो, स्कोअरची वही पायाखाली आली.

“गप बसा!” मी माईकमध्ये असा ओरडलो की भोंगे किंचाळले. “अंपायरसाहेब, एक मिनिट द्या मला. मंडळी, ही आरोळी तुमची न्हाई, माझी हाय. गेल्या वर्षी ह्याच टेबलावरून मी दिली. अमृत सहादेव साळवे बक्षीस घेऊन बोलायला उभा हुता. त्याला बोलायला जरा वेळ लागतो, हे मला पहिलीपासून म्हाईत हाय. वेळ द्यायचा सोडून मी त्याची टिंगल केली. तुमी हसला, कारन मी हसवलं. दुपारी मी माफी मागितली ती बी खोटी, नाव घ्यायची माझी छाती झाली न्हाई. आता घेतो. अमृत, मी तुझा अपमान केला. मी तुझी माफी मागतो. अन् आता कुनाला ती आरोळी द्यायचीच असंल, तर त्यानं हितं यावं अन् माझ्या तोंडावर द्यावी!”

मैदानावर कुणी हलेना. टाकीवरून एक चुकार आवाज निघाला, ‘ढक...’, तेव्हा तुषारनं बॅट वर करून तिकडं दाखवली आणि तो आवाज तिथंच मेला. ते तुषारनं केलं, सरपंचाच्या पुतण्यानं. त्याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं.

अमृतनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. तो वळला, बॉल हातात फिरवला आणि धावत सुटला.

काय बॉल होता तो! ऑफच्या बाहेर पडला, आत आला, तुषारची बॅट हवेत फिरली आणि स्टंपला केसभर अंतर ठेवून बॉल किपरच्या हातात. “वाचला! तुषार वाचला! अमृत, अरे काय टाकलास रे बाबा हा!” मी टेबलावर नाचत होतो, निकिता टेबल धरून उभी होती. एक बॉल, चार रन. बाभळीवरची माणसं खाली उतरली होती, का ते त्यांनाच ठाऊक. माझं काळीज भोंग्यातून ऐकू जात असणार.

अमृत आला. पुन्हा यॉर्कर, पुन्हा पायापाशी. पण तुषारनं या वेळी मागचा पाय आधीच सरकवून ठेवला होता. बॅट खाली आली, बॉल जमिनीलगत सुटला, कव्हरच्या फील्डरनं झेप घेतली, बोटांना लागला, आणि चुन्याची रेघ ओलांडून गेला.

पाटीलवस्ती जिंकली. हलगी सुरू झाली, गुलाल उडाला, तुषारला खांद्यावर घेतलं. मी माईक धरून होतो आणि मला हरलेल्या बॉलरबद्दल बोलायचं होतं. पूर्वीचा मी असतो तर काहीतरी चटकदार फेकलं असतं. मी म्हणालो, “बॉल चांगला होता. बॅट्समन त्याहून चांगला खेळला. अमृत साळवेनं शेवटचे दोन बॉल जसे टाकले, तसे टाकलेले मी सोळा वर्षांत बघितले नाहीत.” यातला शब्द न् शब्द खरा होता.

गुलालाच्या गर्दीतून अमृत चालत टेबलापाशी आला. मी खाली उतरलो. त्यानं हात पुढं केला, मिळवायला नाही, माईक घ्यायला. मी दिला.

हलगी थांबली. कुणी थांबवली ते मला ठाऊक नाही.

“मी गोरक्षला...” अमृत म्हणाला, आणि अडकला.

भोंगे मुके. पाच सेकंद. दहा. त्याच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या. पुढचा शब्द मला लख्ख दिसत होता. ‘माफ केलं.’ दुसरं काय असणार? एवढ्या लोकांसमोर माफी मागितली मी! तो शब्द माझ्या जिभेच्या टोकावर येऊन बसला होता, आपणच म्हणून टाकावं आणि त्याची सुटका करावी असं वाटत होतं. मी टेबलाची कड घट्ट धरली आणि तोंड मिटून उभा राहिलो. दोन हजार माणसंही तशीच उभी होती.

मग शब्द सुटला.

“मी गोरक्षला अजून माफ केलेलं न्हाई.”

माझं तोंड उतरलं. कान गरम झाले. कुणीही हसलं नाही. अमृतचं बोलणं संपलं नव्हतं, तो पुन्हा थांबला होता, आधीपेक्षा जास्त वेळ. मी पुन्हा गप्प. आता पुढचा शब्द कोणता असेल ते मला अजिबात सांगता येत नव्हतं.

“पन आजची कॉमेंट्री लई भारी झाली. वर्सभर बघतो. मग सांगतो.”

आधी भीमनगरच्या ट्रॉलीवरून, मग पाटीलवस्तीकडून, मग चारी बाजूंनी टाळ्या पडल्या. अमृतनं माईक माझ्या हातात दिला. लांबून भाऊसाहेब हातवारे करत होते, बक्षीस समारंभ सुरू कर, बोल, बोल. मी तोंड उघडलं. आवाज फुटेना. पहिला शब्द घशात येऊन बसला तो काही केल्या पुढं सरकेना, आणि माझे डोळे भरून आले.

अमृत शेजारीच उभा होता. मला बोलता येईपर्यंत तिथंच थांबला.